नगावर की किलोवर

“काय किलो लावलं, भाभी?” फुलांच्या कुकीजचा डबा उघडला की पाचोऱ्यात पहिला प्रश्न हाच येतो. विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. खानदेशात बिस्किट ही किलोनेच मोजायची वस्तू आहे आणि ते मोजमाप आमच्या अंगात भिनलंय ते दिवाळीच्या भट्टीमुळे.

दिवाळी तोंडावर आली की इथल्या बेकऱ्यांसमोर बायकांची आणि पोरांची रांग लागते. मैदा, रवा, पिठीसाखर, डालडा किंवा तूप, दूध, वेलची, सगळं सामान घरून न्यायचं. बेकरीवाले चाचा ते काट्यावर घालतात, तुमच्यासमोर मळून देतात, यंत्रातून नक्षीच्या पट्ट्या पाडतात, पत्र्यांवर मांडतात आणि भट्टीत सारतात. आपला पत्रा कुठला यावर डोळा ठेवायला घरातलं एक पोरगं तिथंच बसवलेलं असतं, कारण भट्टीतून निघाली की सगळ्यांची बिस्किटं सारखीच दिसतात. मग ती मोठ्या पत्र्याच्या डब्यात भरायची, वाफ धरून मऊ पडू नयेत म्हणून झाकण जरा उघडं ठेवायचं आणि किलोमागे ठरलेली मजुरी देऊन घरी यायचं. सामान आपलं, आच त्यांची. हिशेब स्वच्छ.

त्या यंत्राच्या तोंडाला वेगवेगळ्या चकत्या बसतात. एका चकतीतून पट्टी पडते, दुसरीतून फूल. फुलाच्या मधोमध लाल चेरीचा तुकडा दाबायचा. ती चेरी पुष्कळदा चेरी नसतेच, पाकात मुरवून लाल रंगवलेलं करवंद असतं. टूटीफ्रूटीही कच्च्या पपईचीच असते. माझ्या वयाच्या पाचोऱ्यातल्या पोरींनी पाहिलेलं बिस्किटाचं पहिलं फूल ते. एका दाबात एक फूल, तासाभरात घरभर पुरेल इतकी फुलं. त्याला किलोचा भाव अगदी योग्य आहे.

मी घरी करते ते फूल दुसऱ्या वाटेनं जातं. भडगाव रोडला आमचं घर. स्वयंपाकघर लांबट आहे, एका टोकाला गॅस आणि दुसऱ्या टोकाला माझा 28 लिटरचा विजेचा ओव्हन, ओटीजी. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा हाताशी सकाळचा वेळ आला. वाढदिवसाचे केक करणारे गावात बरेच झाले होते, म्हणून मी कुकीजकडे वळले. साच्यानं कापायच्या, भाजायच्या, साखरेच्या आयसिंगनं पाकळी पाकळी रंगवायच्या. बारसं, डोहाळजेवण, हळदीकुंकवाचं वाण, पहिला वाढदिवस अशा प्रसंगांना माझी फुलं जातात. हे काम बाहेरून फार गोड दिसतं. आतून ते उष्णतेशी, पाण्याशी आणि घड्याळाशी चाललेलं भांडण आहे.

पिठापासून सांगते. आपल्याकडच्या हाताला नानकटाई माहीत असते. नानकटाईचं घर सुरतेचं. डच वखारीतल्या लोकांसाठी पाव भाजणारी भट्टी पुढे फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थाकडे आली आणि पावाचं गिऱ्हाईक कमी झाल्यावर तिथून खाऱ्या बिस्किटांची आणि नानकटाईची वाट निघाली, असं सांगतात. सुरत आम्हांला परकी नाही. जळगावहून अमळनेर, नंदुरबार करत गाडी थेट तिथंच जाते. तर या नानकटाईचा सगळा डौल तिच्या भेगांत. तूप रवाळ हवं, सोडा हवा, आणि भट्टीत ती पसरून वरून तडकली की बायका म्हणतात, जमली. फुलाच्या कुकीला यातलं एकही चालत नाही. ती पसरली की पाकळीची टोकं गोल होतात, तडकली की वर आयसिंग सपाट बसत नाही. म्हणून सोडा नाही, बेकिंग पावडर नाही, आणि तुपाऐवजी लोणी. तुपात पाणी नसतं, त्यामुळे तुपाची कुकी भुसभुशीत होते आणि साच्यातून उचलतानाच पाकळी हातात राहते. लोण्यात 16 टक्क्यांपर्यंत पाणी असतं. तेवढ्या ओलाव्यानं पीठ एकमेकाला धरून राहतं.

आमच्या सासूबाईंचा आग्रह घरच्या लोण्याचा. “विकतचं कशाला आणते? घरात एवढं लोणी निघतंय.” घरच्या लोण्याची चव मला मान्य आहे, पण त्यात ताक किती राहिलंय ते दर वेळी वेगळं असतं. एका घाण्याची फुलं रेखीव निघतात, दुसऱ्याची पसरतात. तेव्हा घरचं लोणी तुपासाठी आणि कुकीजसाठी विकतचं, अशी वाटणी आम्ही करून टाकली. बिनमिठाचं लोणी गावात नेहमी मिळत नाही. मग जळगावहून बर्फाच्या डब्यात घालून आणायचं, तेही सकाळच्या गाडीनं, ऊन चढायच्या आत.

प्रमाण सोपं आहे. 200 ग्रॅम लोणी, 180 ग्रॅम पिठीसाखर, 400 ग्रॅम मैदा. त्या मैद्यातला चमचा-दोन चमचे काढून तेवढंच कॉर्नफ्लोअर घालते, म्हणजे कुकी जरा मऊ तुटते. चिमूटभर मीठ, वेलची, आणि गोळा होण्यापुरतं दूध. यात तीन इंची, सहा मिलिमीटर जाडीची पंचवीसेक फुलं होतात. लोणी-साखर फार फेसायची नाही. केकला हवा लागते, इथं तीच हवा भट्टीत फुगून पाकळीचा आकार बिघडवते. दोन बटरपेपरच्या मध्ये गोळा लाटायचा, ताट तसंच फ्रीजरमध्ये सारायचं, कडक झालं की साचा मारायचा, आणि कापलेली फुलं पुन्हा थंड करून मगच ओव्हनमध्ये. 170 अंशांवर बारा ते चौदा मिनिटं. कडा जरा रंगली की बाहेर. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांत वीस अंशांचाही फरक असू शकतो, म्हणून आत टांगायचा छोटा थर्मामीटर मी पहिल्यांदा विकत घेतला, साचे नंतर.

हे सगळं डिसेंबरात लिहायला ठीक आहे. मे महिन्यात पाचोऱ्यात पारा 44-45 च्या पुढे जातो. लोणी 32 ते 35 अंशांच्या दरम्यान वितळतं. म्हणजे दुपारी आमच्या ओट्यावर लोणी ठेवलं तर ते आपोआपच तुपाच्या वाटेला लागतं. नळाचं पाणी गरम, पोळपाट गरम, तळहात गरम. उन्हाळ्यात मी पहाटे चारला उठते. तेव्हा फरशी थोडी निवलेली असते आणि विजेचा दाबही चांगला असतो. संध्याकाळी गावभर कूलर सुरू झाले की दाब उतरतो, ओटीजीची कॉइल नुसती तांबूस दिसते आणि चौदा मिनिटांचं काम बावीस मिनिटांवर जातं. तेवढ्या वेळात कुकी वाळते, रंग मात्र येत नाही. वीज गेलीच तर इन्व्हर्टरचा काही उपयोग नाही. त्यावर पंखा चालतो, दीड हजार वॅटचा ओव्हन चालत नाही.

उन्हाळ्याची आणखी एक खोड आहे. ती पुस्तकात वाचून कळत नाही. भाजलेली कुकी उत्तम, वरचं आयसिंग उत्तम, आणि दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पाकळीवर तेलकट पिवळे डाग. खालचं लोणी उष्णतेनं पातळ होऊन वर चढतं. त्यावर इलाज म्हणजे एप्रिल ते जून लोणी थोडं कमी घालायचं आणि भाजलेल्या कुकीज एक रात्र कागदावर पसरून ठेवायच्या, मगच रंगवायच्या. चवीत उन्नीस-बीस होतं. चोखंदळ गिऱ्हाइकाला ते कळतं, आणि मी ते आधीच सांगते.

साच्यांची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. बाजारात मिळणारी फुलं गुलाब, ट्यूलिप आणि डेझी. ट्यूलिप आमच्याकडे कुणी पाहिलंय? एकदा पिंपळगावकडच्या एका शेतकरी कुटुंबातलं डोहाळजेवण होतं. त्या घरच्या मोठ्या सुनेनं विचारलं, “आमच्या शेतातलं फूल नाही का करता येणार?” त्यांच्या शेतात तेव्हा कपाशी उभी होती. मी पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारागिराकडे गेले, स्टीलची पातळ पट्टी दिली आणि कागदावर काढलेलं कपाशीचं फूल दाखवलं. त्यांनी पक्कड घेऊन पाच पाकळ्या वाकवल्या. मग माझ्या कागदाकडे बघून मान हलवली. “ताई, कपाशीचं फूल एवढं उघडं नसतं. पाकळ्या एकमेकीवर चढलेल्या असतात.” बरोबर होतं त्यांचं. त्यांच्या घरी पाच एकर कपाशी होती.

कपाशीचं फूल नीट पाहिलंय का? पहिल्या दिवशी ते फिकट पिवळसर असतं, दुधावरच्या सायीच्या रंगाचं. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी होतं, आणि मग गळून मागे बोंड धरतं. एकाच झाडावर एकाच वेळी दोन रंगांची फुलं दिसतात ती त्यामुळे. फुलाच्या खाली झालरीसारखी कातरलेली तीन हिरवी पानं असतात. डोहाळजेवणाला याहून चांगलं फूल कुठलं असणार? मी पाते म्हणजे कळी, साय रंगाचं फूल, गुलाबी फूल, हिरवं बोंड आणि फुटलेलं पांढरं बोंड असा पाचांचा संच केला. तिथल्या बायकांना काही समजावून सांगावं लागलं नाही. पाटावर बसलेल्या पोरीच्या हातात एकीनं बोंड ठेवलं आणि तिथं जो हशा पिकला तो मला अजून ऐकू येतो. तिचे सासरे तेवढे बाहेरून म्हणाले, “कापसाले भाव नही, बिस्कुटले शे!” त्यावर हसावं की गप्प बसावं ते बायकांना कळेना.

आता आयसिंग. जगभर अशा कुकीजवर जे कडक, चकचकीत आयसिंग दिसतं ते अंड्याच्या पांढऱ्यावर किंवा त्याच्या पावडरीवर उभं असतं. माझी निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं माळकरी, मारवाडी किंवा जैन घरांतली. एका घरात अंडं चालतं आणि दुसऱ्यात नाही, म्हणून दोन भांडी, दोन चाळण्या सांभाळण्यापेक्षा मी अंडं घरातच आणत नाही. काबुली चणे शिजवलेलं दाट पाणी फेटलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखं फुलतं. त्यात पिठीसाखर आणि दोन थेंब लिंबू. चण्याचा वास राहतो अशी शंका प्रत्येकीला येते. व्हॅनिला किंवा वेलची घातली की तो राहत नाही. साखर मात्र वस्त्रगाळ हवी. नोझलच्या बारीक भोकात साखरेचा एक खडा अडकला की कोन फुटतो आणि पाकळीवर थेंबाचा डोंगर होतो.

पाकळी रंगवायची खरी खुबी आयसिंगच्या दाटपणात आहे. वाटीत सुरीनं रेघ ओढायची आणि ती किती वेळात मिटते ते मनात मोजायचं. वीस आकडे मोजेपर्यंत टिकली तर ते कडेसाठी. दहा-बाराला मिटली तर आत भरायला. त्याहून लवकर मिटली तर ते कुकीवरून खाली ओघळणार. आणि सगळ्या पाकळ्या एकदम भरायच्या नाहीत. एक सोडून एक भरायची, त्यांच्यावर पापुद्रा धरू द्यायचा, मग मधल्या भरायच्या. नाहीतर ओल्या पाकळ्या एकमेकींत मिसळतात आणि फुलाची पोळी होते. पाच पाकळ्यांच्या फुलाला म्हणून तीन फेऱ्या लागतात, आणि मधला पराग चौथी. रंग नेहमी दोन छटा फिका ठेवायचा, वाळताना तो गडद होतो. लाल आणि काळा हवा तेवढा गडद करायला गेलं तर कडू लागतो. आपल्याकडे खाण्यात चालणारे कृत्रिम रंग आठच आहेत, आणि खुल्या पुडीतला पिवळा त्यांतला असेलच असं नाही. मी सीलबंद डबीवर नाव वाचल्याशिवाय रंग घेत नाही. पिवळ्यासाठी पुष्कळदा हळदीचं एक बोट पुरतं.

रंग म्हटला की पाणी आलं. एका संचाला सहा-सात वाट्या, तितकेच चमचे, नोझल, ब्रश. नळाला पाणी रोज येत नाही अशा गावात रंगीत साखरेची भांडी घासणं ही चैन आहे. मी वाट्या आधी पोळीच्या तुकड्यानं पुसून घेते. ते तुकडे मुलगी खाते, आणि भांडी निम्म्या पाण्यात निघतात.

पावसाळ्यात भांडण उलटं होतं. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत आयसिंग तासाभरात वाळतं. जुलै-ऑगस्टमध्ये ते रात्रभर चिकट राहतं, कारण साखर हवेतलं पाणी ओढते. गडद रंग फिक्या रंगात उतरतो. मधल्या परागाला खड्डा पडतो. भरल्यावर लगेच पंख्याच्या वाऱ्याखाली धरलं तर वर पापुद्रा येतो आणि चमकही टिकते. पंखा बंद पडला की चमक गेली. अशा दिवसांत मी ओटीजी जरासा कोमट करून बंद करते, दार अर्धवट उघडं ठेवून आत ताट सारते. आणि ज्या आठवड्यात झड लागलेली असते त्या आठवड्यात गडद लाल फुलांची ऑर्डर सरळ नाकारते.

पाऊस सरत आला की भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई येते. कुणी गुलाबाई म्हणतं. कोजागरीपर्यंत महिनाभर पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात, टिपऱ्या खेळतात, आणि शेवटी खाऊ ओळखायचा खेळ होतो. घरची बाई झाकलेला डबा घेऊन येते, पोरी विचारतात, गोड की तिखट, कोरडं की ओलं, विकतचं की घरचं. डबा खुळखुळवून आवाजावरूनही ओळखतात. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी माझ्याकडून फुलं नेली आणि सगळ्या पोरींना हरवायचं ठरवलं. मी एकच अट घातली, डबा हलवायचा नाही. पोरींनी बर्फीपासून बाकरवडीपर्यंत सगळं सांगून झालं. “फुलाचं नाव घेतलं तर जवळ आहात,” काकू म्हणाल्या. त्यावर एकजण ओरडली, “गुलकंद!” शेवटी झाकण काढलं तेव्हा आधी सगळ्या गप्प आणि मग एकदम झुंबड. त्या हंगामात गल्लीतल्या निम्म्या घरांची ऑर्डर आली. दुसऱ्या वर्षी अर्थातच कुणी फसलं नाही, पहिलाच प्रश्न “कुकी का?” असा यायला लागला.

या सगळ्यात भावाचा प्रश्न मात्र सुटत नव्हता. बचत गटाच्या प्रदर्शनात एक आजी माझ्या टेबलापाशी थांबल्या. गुलाबी फूल हातात घेऊन उलटं-सुलटं पाहिलं. “कितलाले?” मी म्हटलं, पस्तीस रुपये. “एक बिस्कुटना इतला पैसा? हाई खावानं शे का नुसतं देखानं?” माझ्या शेजारच्या टेबलावर पापड होते, किलोवर. त्याच्या पलीकडे बिबडे होते, तेही किलोवर. आजींचं गणित त्या टेबलांवरून सरळ माझ्यापर्यंत येत होतं. बेकरीत किलोभर बिस्किट ज्या पैशांत मिळतं त्यात माझी जेमतेम आठ-नऊ फुलं येतात.

पापडाची मजुरी किलोवर असते हे बरोबरच आहे. लिज्जतच्या भगिनी लाटतात तेही किलोच्याच हिशेबानं. पापड सगळे सारखे लाटायचे असतात. हात बसला की वेग येतो, वेग आला की किलो वाढतात आणि पैसेही वाढतात. फुलांत तसं होत नाही. हात कितीही बसला तरी पापुद्रा धरायला लागणारा वेळ तेवढाच राहतो. एका फुलावर फेऱ्या मिळून माझी आठ-नऊ मिनिटं जातात. किलोत बसणाऱ्या फुलांना नुसत्या रंगाचेच साडेचार-पाच तास. यात लाटणं, कापणं, भाजणं, भांडी काहीच धरलेलं नाही. सामानाचा खर्च काढायला वजनकाटा पुरतो, या तासांना तो कुठं धरणार?

उत्तर घरातच होतं. आमच्या सासूबाई मांडे करतात. खानदेशातले पुरणाचे मांडे ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना थोडं सांगते. गव्हाचं पीठ वस्त्रगाळ करायचं, तिंबून तिंबून तार येईपर्यंत मळायचं, पुरण भरायचं, आणि तो उंडा पोळपाटावर लाटून मग दोन्ही हातांवर, कोपरापर्यंत, फिरवत फिरवत मोठा करायचा. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या तापलेल्या खापरावर टाकायचा. एका बाईला ते येतं आणि तिच्या सख्ख्या बहिणीला येत नाही. अखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोळ्याला, लग्नात मांडे करायला सासूबाईंना बोलावणी येतात. काही बायका मांडे करून विकतातही. तर या मांड्यांचा भाव कसा सांगतात? नगावर. साऱ्या खानदेशात मांडे किलोवर मागितलेले मी ऐकले नाहीत. मांड्यात पीठ, डाळ, गूळच असतो, काही केशर-बदाम नसतात. तरी कुणी म्हणत नाही की एवढ्याशा पिठाचे एवढे पैसे कसे. कारण प्रत्येकीनं आयुष्यात एकदा तरी मांडा हातावर घेऊन पाहिलेला असतो आणि तो फाटलेला असतो. मांड्याची किंमत त्या फाटण्यात कळते.

मी हे सासूबाईंना बोलून दाखवलं तेव्हा त्या नुसत्या म्हणाल्या, “मग बसव ना त्यांना करायला.” तेव्हापासून प्रदर्शनात मी टेबलावर एक ताट वेगळं ठेवते. त्यात साध्या, न रंगवलेल्या कुकीज, दोन कोन आयसिंगचे. ज्यांना भाव जास्त वाटतो त्यांना म्हणते, एक पाकळी भरून बघा, फुकट. बहुतेकींची पाकळी कुकीखाली उतरते. दोन-चारजणींची छान जमते. त्यांतल्या एकीला मी आता मोठ्या ऑर्डरला मदतीला बोलावते, आणि तिची मजुरीही नगावरच देते. भाव विचारणाऱ्या त्या आजींनीही पुढच्या वेळी पाकळी भरली. त्यांचा हात स्थिर होता, मांडेवाल्या असाव्यात. फूल त्यांनी घेतलं एकच, नातीसाठी, पण पैशांवर पुढे बोलल्या नाहीत.

एक गंमत म्हणजे कायदा अजून वजनाकडूनच बोलतो. घरून विकायचं तरी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. मी केली तेव्हा वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या आत असेल तर साधी नोंदणी पुरायची आणि वर्षाला 100 रुपये शुल्क होतं. पाकिटावर चौदा आकडी नोंदणी क्रमांक, घटक, तारीख, शाकाहाराचा हिरवा ठिपका हे सगळं हवं. आणि निव्वळ वजन. म्हणून माझ्या सहा फुलांच्या खोक्यावर “180 ग्रॅम” असं छापलेलं असतं. एखादं गिऱ्हाईक ते वाचून मनात भागाकार करतं आणि माझ्याकडे बघतं. मी फुलं मोजून दाखवते.

तुटण्याचा प्रश्न वेगळाच. पाचोरा मुंबईच्या रेल्वेमार्गावर असल्यानं पुण्या-मुंबईला जाणाऱ्यांच्या हाती खोकी जातात. महाराष्ट्र एक्स्प्रेसमधून पुण्याला गेलेली फुलं बहुतेक वेळा धड पोचतात, कारण ती मांडीवर असतात. जामनेरकडची मात्र पुष्कळ दुखावतात. आमची पी.जे., म्हणजे पाचोरा-जामनेर ही छोटी रेल्वे, 2020 मध्ये बंद झाली. ती होती तेव्हा शेंदुर्णी, पहूर करत इतक्या सावकाश जायची की लोक चेष्टा करायचे. माझ्या फुलांना तीच गती मानवली असती. आता एस.टी.च्या मागच्या सीटवर खोकं ठेवलं की खड्ड्यागणिक एक पाकळी जाते. म्हणून त्या बाजूच्या ऑर्डरला टोकदार पाकळ्यांचं फूल मी देत नाही. गोल पाकळ्यांचं, जरा जाड, मध्ये बुट्टा असलेलं देते, आणि प्रत्येक फुलाला वेगळी पिशवी.

मदतीला येणारी पोरगी परवा विचारत होती, “ताई, मी स्वतःचं सुरू केलं तर चालेल ना?” चालेल, म्हटलं. गावात डोहाळजेवणं काय कमी आहेत? फक्त भाव माझ्यापेक्षा खाली नेऊ नको, आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला किलोचा भाव सांगू नको. एकदा सांगितला की तो परत नगावर आणता येत नाही.

ज्यांना फुलं हवी असतील त्यांच्यासाठी एवढंच. ऑर्डर आठ दिवस आधी द्या, पावसाळ्यात दहा. रंग सांगताना साडीचा काठ किंवा पत्रिका दाखवा, नुसतं “गुलाबी” म्हणू नका. खोकं आडवं धरा, उभं नको. आणि घरी नेल्यावर फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर त्यांना घाम सुटतो आणि रंग एकमेकांत उतरतात. घट्ट झाकणाच्या डब्यात, ओट्यापासून लांब ठेवा आणि पंधरा दिवसांत खाऊन टाका.